ट्रॅक्टरची अवजारं शेडमध्ये ठेवायची आणि हलवायची कशी? चाकांचे गाडे, स्टँड की नुसती ओळ?

तिफण

शेड २० फूट रुंद, ३० फूट खोल. दार रुंदीच्या बाजूला, १२ फुटी. खाली कोबा झालेला आहे. आत ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि पाच अवजारं बसवायची आहेत: ६ फुटी रोटाव्हेटर, दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगर, ९ दाती कल्टिव्हेटर, पेरणी यंत्र आणि फवारणीचा ब्लोअर. ब्लोअरला स्वतःची चाकं आहेत, त्यामुळे त्याची काळजी नाही.

अडचण नेहमीचीच. जे अवजार आधी आत गेलं ते मागे अडकतं, आणि हंगामात नेमकं तेच लागतं. पहार घालून सरकवायला गेलं की कोबा उखडतो, पाती वाकतात आणि बोटं चिरडायची भीती असतेच.

प्रत्येक अवजाराला चाकांचा गाडा करावा असं माझं मत झालंय. चाकं कोणती, किती वजनाची, आणि अवजार गाड्यावर उंच बसल्यावर ट्रॅक्टरला जोडायला त्रास होतो का, हे जाणकारांनी सांगावं. आणखी बरा उपाय असेल तर तोही सांगा.

उभा_धोटा

गाडाच करा. अवजार ट्रॅक्टरच्या जोडणीच्या पिनेपर्यंत आणता येणं हा त्याचा खरा फायदा. ट्रॅक्टर पिनेपर्यंत नेताना दोन इंच मागे, एक इंच डावीकडे असा खेळ चालतो आणि मधे उभा राहणारा माणूस धोक्यात असतो. अवजार गाड्यावर असेल तर ट्रॅक्टर अंदाजे सरळ लावून बंद करायचा, हँडब्रेक ओढायचा आणि अवजार हाताने पुढे सरकवून पिन घालायची.

चाकांचा हिशोब असा करा. अवजार आणि गाडा यांचं एकूण वजन चाराने नाही, तीनाने भागा. कोबा कितीही चांगला असला तरी कुठेतरी एक चाक अधांतरी राहतं आणि भार तिघांवर येतो. रोटाव्हेटर ४५० किलो आणि गाडा ६० किलो धरला तर ५१० भागिले ३, म्हणजे १७० किलो. म्हणून प्रत्येकी २०० किलो क्षमतेची चार चाकं घ्या. व्यास १५० मिमीच्या खाली नको. ७५ मिमीच्या चाकाला गव्हाएवढा खडा आडवा आला तरी गाडा जागच्या जागी थांबतो.

कोबा_पक्का

चाकाचा माल बघून घ्या. साधं रबर उभ्या भाराखाली महिनोन्महिने एकाच जागी राहिलं की चपटं होतं आणि नंतर गाडा ठकठक करत चालतो. नायलॉन हलकं फिरतं, पण कडक असल्यामुळे खड्यावर अडतं आणि कोब्याच्या सांध्याची कड फोडतं. बिडाचं चाक दणकट, पण त्याचीही तीच तक्रार. ओतीव गाभ्यावर पॉलियुरेथेन चढवलेलं चाक या कामाला सगळ्यात बरं.

स्वच्छ, सपाट कोब्यावर असा गाडा चालता ठेवायला वजनाच्या दोन-तीन टक्के जोर लागतो आणि हलवताना सुरुवातीला साधारण दुप्पट. ५०० किलोचा गाडा एक माणूस हलवतो. उतार असेल तर गणित बदलतं. १०० ला १ उताराने ५ किलोचा ओढा येतो, ५० ला १ ने १० किलोचा. पाणी जायला उतार दिलेला असतोच, म्हणून किमान दोन चाकांना ब्रेक हवा. शिवाय लाकडी पाचर कायमची दोरीने गाड्याला बांधून ठेवा. सुटी पाचर आठवड्यात हरवते.

रानवाट

मला गाड्यांचा हा सोस पटत नाही. चार गाडे म्हणजे सोळा चाकं, त्यांचे बेअरिंग, त्यांचं ग्रीस. शेडची लांब बाजू उघडी ठेवून अवजारं एका ओळीत लावली तर गाड्याची गरजच उरत नाही. ट्रॅक्टर सरळ मागे घ्यायचा, जोडायचं, निघायचं. दोन अवजारांत ६० ते ७५ सेंमी मोकळं सोडलं की माणूस लिंकपाशी (अवजार धरणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्या) उभा राहू शकतो. सहा फुटी रोटाव्हेटरची बाहेरून रुंदी २ मीटरच्या आसपास, म्हणजे एका अवजाराला सरासरी अडीच मीटर. पाच अवजारांना १२–१३ मीटर लांब आणि जेमतेम ३ मीटर खोल शेड पुरते.

तिफण

@रानवाट, नवी शेड बांधायची असती तर हेच केलं असतं. इथे ३० फुटी बाजूंना भिंती आहेत आणि दार अरुंद बाजूला. त्यामुळे आत वळवणं आलंच.

उभा_धोटा

रानवाट यांचं म्हणणं नव्या शेडसाठी शंभर टक्के बरोबर. खोल शेड आणि एक दार हे अवजारांसाठी सगळ्यात वाईट माप आहे, बांधणाऱ्यांनी एवढं तरी वाचून जावं.

आता या शेडचं. २० फूट म्हणजे ६ मीटर. दोन्ही लांब भिंतींना अवजारं लावा, त्यांची जोडायची बाजू मधल्या वाटेकडे. प्रत्येकाची खोली सव्वा ते दीड मीटर धरली तर मधे ३ मीटरची वाट उरते. अवजार वाटेत ओढायचं, काटकोनात फिरवून तोंड दाराकडे करायचं आणि बाहेर घ्यायचं. २.१ बाय १.४ मीटरच्या अवजाराचा कर्ण अडीच मीटर होतो, म्हणजे ३ मीटरच्या वाटेत ते जागेवर फिरतं. पण ते स्वतःच्या मध्याभोवती फिरलं तरच. त्यासाठी चारही चाकं फिरती हवीत. दोन फिरती, दोन स्थिर ठेवली तर गाडा स्थिर चाकांच्या आसाभोवती फिरतो आणि लांबचा कोपरा भिंतीवर जातो.

ट्रॅक्टर दाराजवळच्या एक तृतीयांश भागात, वाटेच्या मधोमध. तो आधी बाहेर निघतो, मग आतलं काहीही बाहेर येतं.

चाकोरी

चारही फिरती चाकं उतारावर हातातून निसटतात. सरळ नेताना गाडा खेकड्यासारखा आडवा पळतो.

उभा_धोटा

खरं आहे. त्यावर तोड म्हणजे दोन चाकं दिशा बांधता येणारी घ्यायची. खटका दाबला की ती सरळ अडकतात, सोडला की फिरतात. आत फिरवताना मोकळी, बाहेर नेताना बांधलेली.

नट_बोल्ट_१२

चाकं वेल्ड करू नका! बोल्टने बसवा, एम१२ (१२ मिमी जाडीचे) बोल्ट आणि नायलॉकचे, म्हणजे आपोआप सैल न होणारे नट. वेल्डिंगच्या तापाने फिरत्या बैठकीतलं ग्रीस जळतं, पॉलियुरेथेन गाभ्यापासून सुटतं, आणि अर्थिंगचा क्लॅम्प चुकीच्या जागी लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन गोळ्यांवर डाग पडतात. चाक बदलायची वेळ आली की पुन्हा ग्राइंडर आलाच.

ग्रीसनिपल

उंचीचं उत्तर कोणी दिलं नाही, ते देतो. १५० मिमीचं चाक बैठकीसकट १९० मिमीच्या घरात जातं. त्यावर सपाट चौकट ठेवली तर अवजार २५ सेंमी वर जातं, तोल बिघडतो आणि उतरवताना ट्रॅक्टरची लिफ्ट उगाच जास्त उचलावी लागते. म्हणून चाकं चौकटीच्या खाली लावायची नाहीत. चौकटीच्या चार कोपऱ्यांना बाहेर कान काढायचे, चाकं त्या कानांखाली. चौकट मधे लोंबती राहते, जमिनीपासून ६० ते ७० मिमी. ७५ बाय ४० चे चॅनल किंवा ५० बाय ५० बाय ६ चा अँगल बास होतो. कानाला मात्र त्रिकोणी पट्टीचा आधार द्या, सगळा भार तिथेच वाकवतो.

चाक फिरताना त्याचा बाहेरचा घेर मोजून मगच कानाची लांबी ठरवा. बहुतेक गाड्यांत चूक इथे होते. चाक सरळ असताना बसतं आणि उलटं फिरलं की चौकटीला घासतं.

मृगाचा_पाऊस

रोटाव्हेटर पात्यांवर उभा करू नका, गाड्यावर असो की कोब्यावर. पात्यांच्या टोकांवर भार आला की रोटर, म्हणजे पाती बसवलेला दांडा, फिरू पाहतो आणि अवजार पुढे किंवा मागे कलतं. भार दोन्ही बाजूंच्या घसरपट्ट्यांवर घ्या. गाड्यात पट्टीच्या मापाची खाच करा, तिच्या दोन्ही टोकांना ४० मिमी उंच अडण, म्हणजे घसरणार नाही.

साइड गिअरची (काहींना चेन असते) बाजू जड असते, त्यामुळे भौमितिक मध्य आणि वजनाचा मध्य एक नसतो. वजनाचा मध्य शोधायला अवजार एका हुकाला टांगून जमिनीपासून फक्त ५ सेंमी उचला. हुकाखालून ओळंबा जिथे पडतो तो मध्य. तो गाड्याच्या मधल्या एक तृतीयांश भागात आला पाहिजे, रुंदीतही आणि लांबीतही. टांगलेल्या अवजाराखाली कोणीही पाय घालायचा नाही, ५ सेंमी असलं तरी.

बांधकामी_बाई

टांगायचा विषय निघालाच आहे तर आधीच सांगते. पत्र्याच्या शेडच्या कैचीला, म्हणजे छताच्या त्रिकोणी सांगाड्याला, चेन पुली अडकवू नका. ती कैची पत्रा आणि वारा यांच्यासाठी काढलेली असते, मधेच ५०० किलोचा एकवटलेला भार घेण्यासाठी नाही. कैचीची खालची दांडी सांध्यांच्या मधे ओढली तर ती वाकते, आणि ती वाकली की वरच्या सगळ्या सांध्यांचा हिशोब चुकतो. टांगायचंच असेल तर जमिनीवर उभी राहणारी वेगळी चौकट हवी: दोन ए-आकाराचे पाय आणि त्यावर आय-बीम. ३ मीटर गाळ्याला आणि अर्ध्या टनाला १५० मिमीचा आय-बीम ताकदीला भरपूर होतो. पण पायांचे सांधे आणि बाजूचा डोल हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, कारण चौकट पडते ती पायांमुळे, बीममुळे क्वचितच.

तिफण

धन्यवाद, ताई. कैचीचा विचार मनात होता, तो काढून टाकला. पलटी नांगराचं काय करावं? तो सगळ्यात अडचणीचा वाटतो. उंच आहे, अरुंद आहे.

ग्रीसनिपल

पलटी नांगर सोडताना त्याचा टेकू पूर्ण खाली काढून पिन मारलेली असली पाहिजे, आणि फाळांच्या दोन जोड्यांपैकी खालची जोडी पक्की जमिनीवर. मधेच तिरका थांबलेला नांगर कधीच सोडू नका. सिलिंडरमध्ये तेल अडकलेलं असतं, ते झिरपलं की नांगर आपोआप फिरतो. गाड्यावर त्याला तीन ठिकाणी आधार लागतो: खालचे दोन फाळ आणि टेकू. शिवाय हेडस्टॉकला (नांगराची ट्रॅक्टरला जोडली जाणारी चौकट) उभा खांब देऊन त्यातून टॉपलिंकच्या (वरच्या मधल्या जोडदांडीच्या) भोकात पिन घाला. ती पिन नांगराला आडवं होऊ देत नाही.

गाडा रुंद करा. नांगर अरुंद म्हणून गाडा अरुंद केला तर वळवताना तोच आधी कलंडतो. आणि ढकलताना नेहमी खालून, गाड्याला हात लावून ढकला. वरून नांगराला ढकललं की जोर पुढे जायला नाही, उलटवायला लागतो.

चाकोरी

तीन चाकांचा गाडा का नको? तीन चाकं कायम जमिनीला टेकतात, डुगडुगत नाहीत.

मृगाचा_पाऊस

टेकतात, पण उलटायची रेघ जवळ येते. चार चाकांत ती चौकटीच्या कडेवर असते, तीन चाकांत दोन चाकांना जोडणारी तिरकी रेघ मधून जाते. कल्टिव्हेटरसारख्या बसक्या अवजाराला चालेल. नांगराला अजिबात नको.

सांधेवाला

हँड पॅलेट ट्रकचा विचार केलाय का? एकच घ्यायचा, आणि प्रत्येक अवजाराला चाकांऐवजी नुसता स्टँड. फोर्क खाली असताना साधारण ८५ मिमी उंच असतात, उचलल्यावर २०० मिमी. स्टँडखाली १०० मिमी पोकळी आणि दोन पायांमधे ६०० मिमी मोकळं अंतर ठेवलं की ५४०–५५० मिमी रुंदीचे फोर्क आरामात जातात. क्षमता बहुतेकांची दोन टन किंवा वर. सोळा चाकांची उठाठेव संपते, आणि अवजार स्टँडवर असतं तेव्हा ते आपोआप घरंगळत नाही.

कोबा_पक्का

कल्पना चांगली, पण त्याच्या पुढच्या रोलरचा व्यास ७५–८० मिमीच असतो. कोबा गुळगुळीत असेल तरच. सांधा ६ मिमीपेक्षा रुंद असेल किंवा दाराचा उंबरा असेल तर तिथेच अडतो. आधी सांधे भरून घ्यावेत.

रानवाट

आणि ज्यांच्याकडे कोबाच नाही, नुसती मुरमाची जमीन आहे, त्यांनी काय करायचं?

नट_बोल्ट_१२

मुरमावर मोकळं चाक विसरा. तिथे सरकत्या गेटची पद्धत वापरा. ४० चा अँगल उलटा, म्हणजे धार वर करून, काँक्रीटच्या पट्टीत बसवायचा आणि व्ही-खाचेची चाकं त्यावर चालवायची. दोन समांतर पट्ट्या पुरतात, पूर्ण कोब्याची गरज नाही. गाडे दाराच्या रुंदीला आडवे सरकतात आणि जो हवा तो दारासमोर आणता येतो. दोन्ही टोकांना अडण वेल्ड करा. रुळावर माती साचली की चाक चढून खाली उतरतं, म्हणून रूळ जमिनीपासून १५ मिमी तरी वर ठेवा आणि हलवण्याआधी झाडून घ्या.

वखरपास

गाड्यांवरून थोडं बाजूला जातो. पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची फिरकी अवजाराला देणारा दांडा) अवजारालाच लोंबता ठेवायची सवय फार वाईट. एक टोक जमिनीवर पडतं, क्रॉसमध्ये (टोकाच्या वळत्या सांध्यात) माती जाते आणि प्लास्टिकचं कव्हर फुटतं. शाफ्ट काढून आडवा, दोन आकड्यांवर ठेवा. कव्हरच्या साखळीला लटकवू नका, ती साखळी फक्त कव्हर फिरू नये म्हणून असते. एका टोकाने उभा टांगला तर खालचा अर्धा भाग सरकून पडतो. दोन अर्धे वेगळे करून ठेवले तर जोडताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत यायला हवेत, नाहीतर धडधड सुरू होते आणि क्रॉस लवकर जातो. आतल्या नळीला ग्रीस लावून ठेवा, नाहीतर हंगामाच्या पहिल्या दिवशी शाफ्ट जाम.

मृगाचा_पाऊस

+१. हायड्रॉलिक पाइपांचंही तेच. सोडण्याआधी ट्रॅक्टर बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवायचा, म्हणजे दाब उतरतो. दाब अडकलेला पाइप उन्हात तापला की आतलं तेल फुगतं आणि नंतर कपलर (पाइपाच्या टोकाची जोडणी) हाताने बसतच नाही. टोकांना टोपणं लावा आणि पाइप हेडस्टॉकवर आकड्याला अडकवा. गाड्याचं चाक पाइपावरून गेलं तर पाइप आतून चिरतो, बाहेरून कळतही नाही.

काळी_माती

सगळे गाड्याबद्दलच बोलताहेत, गंजाबद्दलही बोला. नांगराच्या चकचकीत पात्याला आम्ही जळकं ऑइल लावतो. स्वस्तात काम होतं.

ग्रीसनिपल

जळक्या ऑइलमध्ये ज्वलनातून आलेलं आम्ल आणि पाणी असतं, त्यामुळे ते लोखंडाचं रक्षण नीट करत नाही. कातडीला अपायकारक आहे आणि पहिल्या तासात सगळं रानात उतरतं. साध्या ग्रीसचा पातळ थर द्या. फाळ आणि पातं धुऊन, वाळवून, मग ग्रीस. ओल्या मातीवर ग्रीस फासलं तर ओल आतच कोंडते.

काळी_माती

वाळवण्याचा मुद्दा मान्य. ग्रीसला धूळ चिकटते, एवढीच माझी तक्रार.

ग्रीसनिपल

धूळ चिकटू दे, ती वरच्या वर राहते. पहिल्या दोन सऱ्यांत सगळं निघून जातं. सिलिंडरचा दांडा मात्र विसरू नका. तो आत घेऊन ठेवा, बाहेर राहणार असेल तर त्यालाही ग्रीस. त्यावर गंजाचा एक फोड आला तरी सील कापला जातो.

वखरपास

पेरणी यंत्राला सगळ्यात जास्त मार खताचा बसतो. युरिया आणि डीएपी हवेतली ओल ओढून घेतात. पेटीत मूठभर खत राहिलं तरी तळ आणि खताचे रोलर महिन्याभरात गंजून जाम होतात. पेटी रिकामी करून धुवा, रोलर हाताने फिरवत वाळवा, मग तेल. बियाण्याच्या नळ्या काढून सरळ टांगा. यंत्रालाच दुमडून राहिल्या तर वळी कायमची पडते आणि दाणा अडकतो. उंदरांनाही त्या फार आवडतात, जमिनीपासून वर असलेल्या बऱ्या.

रोटाव्हेटरच्या बेअरिंगपाशी गुंडाळलेला काड-कचरा आणि सुतळी आताच कापून काढा. ओला कचरा सीलला चिकटून राहतो आणि पुढच्या हंगामात तिथूनच तेल गळतं.

बांधकामी_बाई

अवजाराखाली लाकडी ओंडके ठेवणाऱ्यांसाठी: लाकूड ओल धरतं. मधे जुन्या टायरचा तुकडा घाला.

तिफण

बरंच हाती लागलं. लोंबत्या चौकटीचे चार गाडे करतोय, दोन चाकं दिशा बांधता येणारी. नांगराच्या गाड्याला उभा खांब. दाराबाहेरही ३ मीटर कोबा वाढवतोय, म्हणजे जोडणी उजेडात होईल आणि ट्रॅक्टरचा धूर आत कोंडणार नाही.

एक शंका उरली. गाड्यावरचं अवजार जोडताना क्रम तोच ठेवायचा ना? आणि उचलताना गाडा सोबत उचलला जाणार नाही याची खात्री कशी करायची?

उभा_धोटा

क्रम तोच. आधी डावी खालची लिंक, मग उजवी, कारण उंची जुळवायचा हँडल उजवीकडे असतो. शेवटी टॉपलिंक, त्यानंतर पीटीओ. सोडताना उलट: आधी पीटीओ आणि पाइप, मग अवजार पूर्ण टेकवून भार उतरल्यावर टॉपलिंक, मग उजवी, मग डावी. टॉपलिंकची पिन हाताने निघत नसेल तर हातोडा मारू नका, अजून भार आहे असा त्याचा अर्थ. टॉपलिंक फिरवून सैल करा.

पिनांची मापं आधी बघून ठेवा. कॅटेगरी म्हणजे जोडणीच्या मापाचा वर्ग. कॅटेगरी १ च्या खालच्या पिना २२ मिमी आणि टॉपलिंकची १९, कॅटेगरी २ च्या २८ आणि २५. अवजार लहान कॅटेगरीचं असेल तर लागणारे बुश (भोक आणि पिन यांतला फरक भरणाऱ्या नळ्या) आणि लिंच पिना (पिन निसटू न देणाऱ्या छोट्या खिट्ट्या) त्या त्या गाड्यालाच साखळीने अडकवा.

ग्रीसनिपल

गाडा सोबत उचलला जातो तो दोन कारणांनी. एक, नांगराच्या खांबाची पिन काढायची राहते. त्या पिनेला लाल रंग द्या आणि ती टॉपलिंकच्याच भोकात बसू द्या. ती काढल्याशिवाय टॉपलिंक जोडताच येणार नाही, म्हणजे विसरण्याचा प्रश्न मिटला. टॉपलिंक बसेपर्यंत नांगर टेकूवर आणि दोन लिंकांवर उभा असतो. दोन, खाचेत घसरपट्टी घट्ट बसते. खाच पट्टीपेक्षा दोन्हीकडे १० मिमी मोठी ठेवा आणि तिच्या वरच्या कडा बाहेर वाकवा, परत ठेवताना अवजार आपोआप जागेवर येतं.

चाकांचे ब्रेक लावून आधी फक्त ५ सेंमी उचला, थांबा, सगळे आधार सुटलेत का बघा. मग गाड्याच्या वर पुरेसं उचलून ट्रॅक्टर सरळ पुढे घ्या. गाडा पूर्ण मागे राहीपर्यंत स्टेअरिंग वळवायचं नाही.